वाढतं माप

आलियाचे हात दिसेनात. फ्रॉक अर्ध्या बाहीचा होता, तरी दिसेनात. शाकीर मास्तरने नातीला दुकानातल्या उभ्या आरशासमोर आणून सोडलं होतं, आणि आरशात एक आकाशी फ्रॉक तेवढा उभा होता. वर गळ्यापाशी आलियाचं डोकं कुणीतरी विसरून गेल्यासारखं, खाली पायाचे दोन अंगठे, मधला सगळा मजकूर कापडाचा. त्याने उजवी बाही वर सारली, बोटं दिसली. सोडली, बोटं गेली. पुन्हा सारली. एखादी गोष्ट दोनदा पाहिली म्हणजे ती खोटी ठरते अशी त्याची समजूत नव्हती, पण आशा होती. आलिया सहा वर्षांची होती, आणि नीट बघून घेतल्याशिवाय बोलायची तिला सवय नव्हती. बघून झाल्यावर म्हणाली, “दादा, ये मेरा नइं.”

“तुझाच आहे. आत नाव लिहिलंय बघ.”

“ही मोठी आलिया आहे,” ती म्हणाली. घरात बोलणं असंच चालायचं, निम्मं दखनी, निम्मं मराठी, ज्याला जे आधी सापडेल ते. “ती आली की तिला शाळेत पाठवा. मी तोपर्यंत घरी थांबते.”

आणि फ्रॉक अंगातून न काढता ती त्याच्या खालून रांगत बाहेर पडली. फ्रॉक क्षणभर तसाच उभा राहिला, कांजीचा ताठा, मग शाकीरच्या डोळ्यांदेखत गुडघ्यांत वाकला.

तिच्या बोलण्यात रुसवा असता तर बरं झालं असतं. रुसव्याला गोळी देता येते, गोष्ट सांगता येते. पण ती कचेरीच्या खिडकीतल्या माणसासारखी बोलली होती: साहेब आल्यावर या. शाकीरला नातीचा हा स्वर ठाऊक होता. तीन वर्षांची असताना तिने वांग्याला याच स्वरात नको म्हटलं होतं, आणि त्यानंतर त्या घरात वांगं शिरलेलं नव्हतं. उद्या सोमवार, शाळेचा पहिला दिवस, आलियाचा आयुष्यातला पहिला. आणि कपाटात सुतळीने बांधलेले आणखी बेचाळीस गणवेश, शाळेने दिलेल्या त्याच यादीतून, त्याच कात्रीतून निघालेले. शाकीरने वरचा एक सोडून पाहिला. हाफ पँट होती. ती त्याने स्वतःच्या कमरेला लावून पाहिली आणि घाईने घडी घातली.

खरं म्हणजे कापतानाच हे आकडे त्याच्या डोळ्यांत खुपले होते. पण शिंपी यादीवर विश्वास ठेवतो. त्याने स्वतःची समजूत घातली होती की हल्लीची लेकरं पुड्यांतलं खातात, मोठीच होत असतील. आलिया हाताशी असती तर एकदा अंगाला लावून पाहिलं असतं. पण ती सुट्टीभर आजोळी, शिरड शहापूरला, काल संध्याकाळी परत आली ती दोन दात कमी घेऊन. उंची होती तेवढीच.

फोन वाजला. शाळेच्या पालकांच्या गटावर प्रेमदास गुरुजींनी पत्रक टाकलं होतं. ‘येत्या सत्रात पालकांनी काय अपेक्षा ठेवावी.’ गुरुजी शाळेशेजारच्या बंजारा तांड्यातलेच, त्याच शाळेत शिकून त्याच शाळेत शिकवणारे, आणि लिहिताना त्यांना खोटं लिहिता येत नसे. त्यामुळे बदलीच्या अर्जातही ते फार कधी यशस्वी झाले नव्हते. एक: शाळा दहाला भरेल, दहा म्हणजे दहा. दोन: पहिल्या आठवड्यात लेकरू रडेल, पालकांनी गेटवर रेंगाळू नये, लेकरू गप झाल्यावर बऱ्याच आया रडतात असा अनुभव आहे, त्यांनी घरी जाऊन रडावे. तीन: शाळेत काय शिकवले असे विचारल्यास लेकरू ‘काही नाही’ म्हणेल, त्यावर शाळेत येऊन चौकशी करू नये. चार: घरी न जेवणारे लेकरू शाळेत खिचडी दोनदा मागून खाईल, वाईट वाटून घेऊ नये. इथवर शाकीरला हसू येत होतं. पाच: गणवेश पहिल्याच दिवशी प्रत्येकाला मापाचा मिळेल. मापाची काळजी नको, शाकीर मास्तर आहेत.

शाकीर मास्तर आहेत. हे वाक्य त्याने तीनदा वाचलं. कुणी त्याच्याविषयी इतकं पक्कं काही लिहिल्याचं त्याला आठवेना. दुकानावरची पाटीसुद्धा ‘युसूफ टेलर्स’ अशी होती, आणि युसूफ मास्तर, त्याचे अब्बा, जाऊन अकरा वर्षं झाली होती. पाटी बदलायची राहून गेली, असं तो लोकांना सांगायचा. खरं म्हणजे त्या पाटीवर त्याचं नाव लावलं तर ते लहान दिसेल असं त्याला वाटायचं. पाटी मोठी होती.

मोठीच असायची त्या दुकानात प्रत्येक गोष्ट. अब्बांचा नियम होता: माप घ्यायचं माणसाचं, कापायचं येणाऱ्या दिवसांचं. दोन बोटं सोडल्याशिवाय त्यांनी लेकराचा कपडा कधी कापला नाही. कळमनुरीच्या निम्म्या गावाने आपलं बालपण त्यांनी सोडलेल्या जागेत काढलं. शाकीरने स्वतः पहिलीत घातलेली चड्डी चौथीपर्यंत घातली. पहिलीत ती करदोऱ्यावर होती, चौथीत कमरेवर, आणि ज्या वर्षी ती अगदी बेताची बसली त्या वर्षी तिचा पार्श्वभाग विरून गेला. मधल्या कुठल्याही दिवशी ती त्याची नव्हती. त्या कापडाचा वास त्याला अजून नाकात येतो, कांजीचा आणि इस्त्रीतल्या कोळशाचा, आणि आत गार हवा खेळायची, मागच्या रांगेतून कुणी फुंकर मारल्यासारखी. पुढे तो शिकला. हिंगोलीला एस.टी.ने जाऊन बी.ए. झाला, इतिहास घेऊन. बी.ए. झालेला टेलर जिल्ह्यात दुसरा नसावा. असला तर त्यानेही कुणाला सांगितलं नसेल. नोकरीच्या मुलाखतीला परभणीला जायचं होतं, तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आणि अब्बांनी त्याच्यासाठी कोट शिवला. राखाडी, अस्तराचा. खांदे दोन बोटं उतरलेले, घेर मोकळा. “नोकरी लागली की अंग धरतं,” अब्बा म्हणाले होते, तोंडात टाचण्या धरून. मुलाखत घेणाऱ्या साहेबाने आधी कोटाकडे पाहिलं, मग कोटाच्या आत पाहिलं. “कोणाचा कोट आहे?” त्याने विचारलं. “माझाच,” शाकीर म्हणाला, आणि म्हणताना त्याला स्पष्ट वाटलं की आपण खोटं बोलतोय. तो कोट नोकरी लागलेल्या शाकीरचा होता. तो शाकीर आला की त्याने तो घालावा. तो काही आला नाही. कोट मात्र अजून दुकानात खुंटीला होता, मागच्या भिंतीवर, चौतीस वर्षं, आणि दर दिवाळीला शाकीर तो झटकून पुन्हा लावत असे, कुणीतरी तो मागायला येणार असल्यासारखा.

तेव्हा आलिया काय म्हणाली ते त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं.

त्याने कात्री उचलली. फ्रॉक मेजावर पसरला, खडूने चोवीस इंचांवर रेघ ओढली. कापलं की झालं. पण कापलं की दिवाळीत गुडघे उघडे, आणि होळीला फ्रॉकचं झबलं. कात्री तशीच उघडी राहिली. मागे नाहिद, त्याची सून, आलियाची आई, चहा घेऊन उभी होती. तिने फ्रॉक पाहिला, सासऱ्याकडे पाहिलं, आणि सासऱ्यासमोर हसायचं नसतं म्हणून पदर तोंडाला लावून आत गेली. आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता.

शाकीरने सगळे त्रेचाळीस गणवेश चादरीत बांधले, गठ्ठा सायकलला लावला, आलियाला पुढच्या दांडीवर बसवलं आणि निघाला. आलिया यायला तयार होती, फ्रॉक घालायला नव्हती. हा फरक तिने घरातून निघतानाच स्पष्ट करून घेतला. शाळा गावाच्या टोकाला, नांदेड रस्त्याच्या अलीकडे. तिच्या एका अंगाला मोहल्ला, दुसऱ्या अंगाला तांडा, आणि दोन्हीकडची लेकरं मधल्या गेटातून आत जाऊन एकाच फळ्याला पाठ करून भांडायची. व्हरांड्यात प्रेमदास गुरुजी खुर्चीवर चढून पताका लावत होते. खाली चंदाबाई खुर्ची धरून होती. चंदाबाई तांड्यातली, शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. पहिल्या वर्षी सह्या करायची, दुसऱ्या वर्षापासून वाचून करायला लागली, आणि तेव्हापासून तिला सगळे बिचकत.

“गुरुजी,” शाकीर आलियाला दांडीवरून उतरवून, सायकल न लावताच म्हणाला, “एप्रिलात मी आलियाच्या फ्रॉकची लांबी काय सांगितली होती?”

गुरुजी खाली उतरले. कपाटातून वही काढली. “सव्वीस.”

“मी चोवीस सांगितली होती.”

गुरुजींनी वहीकडे पाहिलं, मग पताकेकडे. “तुमी चोवीसच सांगितली. दोन मी वाढवले. उन्हाळ्यात लेकरं वाढतेत, शाकीरभाई. आंबे खातेत.”

“आणि मला यादी आली त्यात अठ्ठावीस आहे.”

“यादी चंदाबाईनं तपासली,” गुरुजी म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, आणि त्यात त्यांचं कधीकधी बरं चालायचं.

“मंग, तपासायची म्हंजे काय नुसती पाहायची?” चंदाबाई म्हणाली. “मागल्या साली दिवाळीला पोरींचे गुडघे उघडे पडले. साऱ्या बाया माझ्या दारात. म्या सगळ्यायच्या म्होरं दोन-दोन चढवले. आता तुमी किती चढवले ते सांगा, मास्तर.”

शाकीर गठ्ठ्याची गाठ सोडत होता. ती लवकर सुटेना. “दोन,” तो म्हणाला. “अब्बांच्या वेळेपासून सोडतो आम्ही.”

“अन्?”

“एक धुण्यात आटतं म्हणून.”

चंदाबाईने बोटं मोजली. “सात. एका लेकरावर तिघायनं मिळून सात इंच माया केली. आता लेकरू सापडंना म्हनून बोंबलून राहिलेत.” तिने गठ्ठ्यातली एक हाफ पँट ओढली, उभी धरली आणि तिच्याआडून गुरुजींना म्हणाली, “गुरुजी, ही तुमच्या मापाची हाय. उद्या घाला. पाहुणे येनार हायेत.”

गुरुजी हसले नाहीत, पण त्यांची पताका हलत होती. मग तिघंही हसले, आणि शाकीरला जाणवलं की सकाळपासून छातीत अडकलेला श्वास अर्धाच सुटला. उरलेला अर्धा तिकडे पायरीवर बसला होता, पाठमोरा, मुंग्यांच्या रांगेत काडी घालत.

“ती म्हणते हा मोठ्या आलियाचा आहे,” तो हळू म्हणाला. “येत नाही म्हणते उद्या. मी कापून टाकतो, बाई. आता बसतो तर संध्याकाळपर्यंत निदान पहिलीतल्यांचे होतील.”

“कापता काहून? दुमडा. दोन-दोन इंचाच्या तीन दुमडी घाला आतून, बाह्याबी दुमडा, कच्चा धावदोरा. पोरगं वाढलं का एक उसवायची.”

“त्रेचाळीस गणवेश आहेत. मी एकटा.”

“तांड्यातल्या बाया काय सुई धरत न्हाईत व्हय?”

युसूफ टेलर्सच्या पाटीखाली एक बारकी पाटी होती: दुसऱ्याची शिलाई दुरुस्त केली जाणार नाही. आपली शिलाई दुसऱ्याने दुरुस्त करण्याबद्दल तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. तशी वेळ अब्बांना सुचलीच नव्हती. शाकीर क्षणभर ती पाटी मनात वाचत उभा राहिला. मग पायरीवरच्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाला, “बोलवा.”

तासाभरात व्हरांडा भरला. बाया आल्या, त्यांच्यामागे लेकरं आली, लेकरांना उभं करून गणवेश चढवले गेले आणि अर्ध्या तासात शाळेत अशी धमाल उडाली की उद्याच्या प्रवेशोत्सवाला काही शिल्लक राहील की नाही याची गुरुजींना काळजी पडली. पोरं गणवेशात हरवत होती, बाहीतून आवाज देत होती, एका पँटमध्ये दोघं शिरून चालत होते. “गप उभं ऱ्हाय, नाईतर तुझ्यासंगं शिवून टाकीन,” असं प्रत्येक बाई आपापल्या लेकराला सांगत होती. शाकीर टेप घेऊन एकेकाचं खरं माप सांगत होता, गुरुजी लिहीत होते, आणि चंदाबाई गुरुजींच्या मागे उभी राहून आकडा जसाच्या तसा लिहिला जातो की नाही ते पाहत होती. सुया चालत होत्या. शाकीरला वाटलं होतं की परक्या हाताने आपलं कापड धरलेलं त्याला बघवणार नाही. पण त्याचं लक्ष सारखं त्या बोटांकडे जाई. मशीनच्या टिपेपेक्षा सरळ धावदोरा, खडू नाही, पट्टी नाही. सगळ्यांत पुढे जिवनबाई बसली होती, ऐंशीच्या आसपासची, तांड्यात अजून रोज आरसे जडवलेला जुना पेहराव घालणारी एवढी एकच. ती सुईकडे बघतच नव्हती. तिने शाकीरची टीप अंगठ्याने चाचपली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि म्हणाली, “बरी हाय.” विद्यापीठाने पदवी दिली तेव्हा त्याला एवढं वाटलं नव्हतं. पदवी डाकेने आली होती.

“हा कोनाचा?” जिवनबाईने आकाशी फ्रॉक हातात घेतला.

“माझा नाही,” पायरीवरून आवाज आला. “मोठ्या आलियाचा आहे.”

“मंग ती कुटं हाय?”

“यायचीय.”

“अगं, ती हितंच हाय.” जिवनबाईने दुमड उलगडून दाखवली. “या दुमडीत. झोपून राहिली.” आणि बोलता बोलता स्वतःच्या ओढणीच्या काठाचा एक आरसा, नखाएवढा, तिने दाताने उसवला, दुमडीच्या आत ठेवला, आणि त्याच्याभोवती इतक्या चपळाईने टाके घातले की शाकीरला ते मोजता आले नाहीत. गणवेशावर आरसा चालत नाही, हे गुरुजींच्या ओठांवर आलेलं शाकीरने पाहिलं. चंदाबाईनेही पाहिलं. गुरुजी पताका लावायला गेले. “हे बघ, तिच्या हाताशी आरसा देला. उठली का ती त्यात तोंड बघंल. तवर फ्रॉक तू सांभाळायचा.”

आलिया उठून जवळ आली. दुमडीवर बोट ठेवून तिने आतला टणक ठिपका चाचपला. “कधी उठेल?”

“दिवाळीला.”

ती बोटाने तो ठिपका दाबत राहिली. शाकीरच्या हातात टेप होती, ती त्याने कारण नसताना गुंडाळली, पुन्हा सोडली. आयुष्यात त्याने पुष्कळ ठिकाणी निकालाची वाट पाहिली होती, पण इतक्या लहान परीक्षकासमोर नाही. आलियाने फ्रॉक डोक्यातून घातला. डोकं वर आलं. मग एक हात. मग दुसरा. दोन्ही कोपरापर्यंत उघडे, सावळे, एकावर आजोळच्या मुंगळ्याने चावल्याचा डाग.

“घट्ट नाही,” ती म्हणाली. “सैल पण नाही.” आणि पुन्हा मुंग्यांकडे गेली, फ्रॉक घालूनच.

चार वाजेपर्यंत त्रेचाळीस झाले. प्रत्येकात तीन दुमडी: एक गुरुजींची, एक चंदाबाईची, एक मास्तरची, अशीच नावं पडली, उसवायच्या त्याच क्रमाने. गुरुजींनी गटावर पत्रकाचा सहावा मुद्दा टाकला: येत्या सत्रात लेकरू दोन इंच वाढेल. दिवाळीच्या सुट्टीत पहिली दुमड उसवावी. न वाढल्यास उसवू नये, घाई नाही. शाकीरने ‘घाई नाही’ हे दोन शब्द वाचले आणि फोन खिशात ठेवला, मग पुन्हा काढून वाचले.

सोमवारी आलिया दहाला दहा कमी असताना गेटातून आत गेली आणि मागे वळून पाहिलं नाही. ती रडली नाही. नाहिद रडली, गेटवरच, मुद्दा क्रमांक दोनचा भंग करून. गुरुजींनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. शाकीर दुकानात येऊन बसला. मशीनला तेल घातलं. सुई बदलली, जुनीच पुन्हा लावली. एकाने पायजमा आखूड करायला आणला, त्याला उद्या या म्हणाला. रस्त्यावरून नांदेडची गाडी गेली, आणि त्याला उगाच वाटलं की आज आपल्याला कुठल्याही गाडीने कुठेही जायचं नाही. अंगातला सदरा अंगालाच आहे, खांद्यावरची शिवण खांद्यावरच, असं त्याने आरशात बघून खात्री करून घेतली. बघताना त्याला हसू आलं. आत तव्यावर भाकरीचा आवाज होत होता. असं बराच वेळ नुसतं बसून राहण्याची त्याला लाज वाटायला हवी होती, ती वाटेना.

शाळा सुटल्यावर आलिया दारात उभी राहिली. फ्रॉक पुढून पोटरीपर्यंत आणि मागून गुडघ्यापर्यंत आला होता. पुढच्या बाजूची दुमड उसवलेली, दोरा लोंबत होता. पोटरीवर आरसा. बाहेरचं ऊन त्याच्यावर पडत होतं आणि ती हलली तसा उजेडाचा एक रुपयाएवढा ठिपका दुकानभर पळत होता, छतावर, दोऱ्याच्या रिळांवर, मागच्या भिंतीवरच्या राखाडी कोटाच्या खिशावर, तिथून पुन्हा छतावर.

“काय शिकवलं शाळेत?” शाकीरने विचारलं.

“काही नाही.”

“आणि हे?”

“ती उठली,” आलिया म्हणाली. “खिचडी खाल्ल्यावर.”

“दिवाळीला उठणार होती ना?”

“मी दोनदा खाल्ली.” ती आरशासमोर जाऊन सरळ उभी राहिली, हात दोन्ही बाजूंना, टाचा जुळवून, माप देताना कसं उभं राहायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. “मोजा दादा. मी वाढले.”

शाकीरने गळ्यातली टेप काढली. एक टोक खांद्यावर धरलं, गुडघ्यावर बोट टेकवलं आणि चष्मा सारून नीट पाहिलं. चोवीस. काल होते तेच, एप्रिलात होते तेच, एक दोराही इकडचा तिकडे नाही.

“किती?”

“सव्वीस,” शाकीर म्हणाला.

“लिहून ठेवा,” आलिया म्हणाली, आणि ते लिहीपर्यंत जागची हलली नाही.